सुजातानं शिवलेलं विमान

आमच्या गावच्या वाचनालयाचा अंक निघतो. त्यात दरवर्षी कुणीतरी नेपाळ, कुणीतरी दुबई असं लिहितं. यंदा मला म्हणाले, ओव्हाळ, तुम्ही विमानांचं म्युझियम बघून आलात, लिहा की. म्हटलं, सातवीत शाळा सोडलेला माणूस मी, शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा. आणि वाचून बरं वाटेल असं काही मागू नका. सुदुंबऱ्याहून लोणावळा, दोन दिवस, एवढाच आमचा प्रवास. लोक एवढ्या वेळात नुसती चिक्की घेऊन येतात.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. तरुणपणी मी पुण्यात एका ग्लायडर उडवणाऱ्या क्लबाच्या शेडात टेलर म्हणून कामाला होतो. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. लाकडाचा सांगाडा, त्यावर कापड ताणून चिकटवायचं, शिवायचं आणि वरून डोप नावाचं व्हार्निश मारायचं. त्याचा वास डोक्यात जायचा. रजिस्टरला नाव माझं, पगार मला, काम सोडताना शाबासकीचा कागद मला. शिवलं मात्र सगळं माझ्या बायकोनं. मला गादीला टाका घालता येत नाही. हे तिला ठाऊक होतं आणि मला. ती गेली त्याला आठ महिने झाले.

शनिवार, घरून निघालो

म्युझियमवाल्यांचा फोन आला तो माझ्या मुलाला. राजेंद्र तळेगावला कंपनीत सुपरवायझर आहे. त्यांना कुठल्याशा बंद पडलेल्या गोदामात एक जुनं ग्लायडर मिळालं होतं आणि त्याच्या पेटीतल्या कार्डावर माझं नाव होतं. हुडकत हुडकत ते राजूपर्यंत आले. तुमच्या वडलांचा सत्कार करायचाय, म्हणाले, आणि त्यांच्याकडून थोडं शिकायचंय.

राजूनं त्याच संध्याकाळी सगळ्या आळीला सांगितलं. आमचे आप्पा विमानं शिवायचे. मी म्हटलं, मला यायचं न्हाई. त्याला वाटलं आईच्या दुःखात आहेत. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यापासून मी उंबऱ्याबाहेर फारसा पडलो नव्हतो, ते खरं. पण ते कारण नव्हतं. त्यानं लोणावळ्याला एका रात्रीची खोलीही घेतली. म्हणाला, एवढं माझ्यासाठी चला. आता मुलाला काय सांगणार? की बाबा, तुझा बाप चाळीस वर्षं खोटं बोलतोय?

लोक म्हणतील, ती असताना फोन आला असता तर बरं झालं असतं. काही बरं झालं नसतं. ती असती तरी मी गप्पच बसलो असतो आणि शाल घेतली असती. मी स्वतःला ओळखतो.

गाडीत पुढं राजू आणि मी, मागं सून वैशाली आणि नात पिंकी. पिंकी सहावीत आहे. इंदोरीवरून वराळ्याकडं आलो. वराळ्याला आमच्या तरुणपणी हरभऱ्याची शेतं होती, गाडीतून उतरून घाटे उपटून खावेत अशी. आता तिथं चौदा-चौदा मजले उभे आहेत आणि प्रत्येकाच्या गॅलरीत वाळत घातलेली कापडं. राजू म्हणाला, आप्पा, इथं फ्लॅट बघूया का? मी म्हटलं, मला वर न्यायचं असंल तर चौघं लागतील, लिफ्टमधी तिरडी मावत न्हाई. राजूनं रेडिओ लावला, तो वडगावपर्यंत चालू होता.

कामशेत सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं लागतात. कापणी झालेली, नुसते बुडखे राहिलेले, बांधावर पेंढ्या रचलेल्या. इंद्रायणी तांदूळ इथलाच. शेतात बाया वाकून काहीतरी वेचत होत्या. सुजातानं पण केलंय हे, लोकांच्या खाचरात. मी विमानाचा टेलर असताना.

पोल्ट्रीचं शेड

म्युझियम म्हणून तुम्ही मोठी इमारत डोळ्यापुढं आणाल. तसं काही नाही. कार्ल्याच्या अलीकडं आत वळलं की नदीच्या अंगाला एक जुनं कोंबड्यांचं शेड आहे, पत्र्याचं, लांबलचक. जाळीला पांढरा रंग दिलाय. थंडीत सुद्धा दुपारी पत्रा तापला की कोंबड्यांचा वास येतो, हे तिथल्या लोकांनीच हसून सांगितलं. शनिवार-रविवार उघडं असतं. नोकर कुणी नाही. पाच-सहा रिटायर माणसं आपल्या हौसेनं चालवतात, झाडूही तेच मारतात.

मुख्य म्हणजे बर्वे. एअरफोर्समधून रिटायर, उंच, किडकिडीत, खिशाला चार पेनं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडं न बघता वस्तूकडं बघतात. दुसऱ्या कुलकर्णी बाई, शाळेत भूगोल शिकवायच्या. आलेल्या माणसांना हिंडवून दाखवायचं काम त्यांचं. आवाज असा की नदीपलीकडं ऐकू जावा.

आत बघण्यासारखं आहे, ते नाकारत नाही. एक इंजिन मधोमध कापून ठेवलंय, त्याची आतडी दिसतात. लाकडी पंखे भिंतीला लावलेत. एका विमानाचं नुसतं तोंड आहे, त्यात पोरांना बसू देतात. पिंकी बसली आणि दांडा ओढायला लागली. बाई म्हणाल्या, हळू गं, तो दांडा माझ्यापेक्षा म्हातारा आहे. आमच्या गावच्या जत्रेत पाळण्यात बसायला रांग असते तशी तिथं पोरांची रांग होती आणि बाप लोक फोटो काढत होते. वस्तूंवर धूळ नव्हती. ज्याला पगार नाही तो माणूस एवढं पुसतो, हे मला नवल वाटलं. आमच्या क्लबात पगारी माणसं असून उंदीर पंख खायचे.

शेडाच्या शेवटी ते ग्लायडर होतं. एक पंख लावलेला, दुसरा खाली लाकडी घोड्यांवर ठेवलेला. पिवळा रंग उडालेला. मी लांबूनच ओळखलं. त्याच्या शेपटीचं सुकाणू मी सायकलला बांधून पुण्याहून घरी आणलं होतं, रस्त्यात लोकांनी विचारलं तर खाट आहे म्हणून सांगायचो. सुजातानं ते घरात चिमणीच्या उजेडात शिवलं. पंख एवढा मोठा, तो घरी कसा आणणार? म्हणून मग ती सोमवारी माझ्याबरोबर शेडात यायची. साहेब लोक रविवारी उडवायचे, सोमवारी सुट्टी, किल्ली माझ्याकडं. इंग्रजी पुस्तकातलं चित्र बघून ती गाठ शिकली. अक्षर एक येत नव्हतं तिला.

बाजूला पाटी लावलेली होती, नवीकोरी. विमान कुठल्या सालचं, कुणी उडवलं, कुणी आणलं, आणि खाली : कापडकाम, श्री. गेणू धोंडू ओव्हाळ.

सत्कार झाला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या, बघायला आलेल्या लोकांना बसवलं. बर्व्यांनी भाषण केलं. म्हणाले, वैमानिकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्याचा जीव ज्याच्या टाक्यावर असतो तो अंधारात राहतो. आज आपण त्याला उजेडात आणतोय. टाळ्या झाल्या. मी उठलो. तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. मग राजूकडं बघितलं. तो मोबाईल धरून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि खाली बसलो.

वैशालीनं टाळ्या वाजवल्या नाहीत. तिच्या हातात डब्याची पिशवी होती, म्हणून असेल असं मला तेव्हा वाटलं.

जेवण त्यांच्याबरोबरच झालं. सगळ्यांचे डबे मधे ठेवले. त्यांच्या पोळ्या, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. आमच्याकडं भाकरी आणि सुकट. डबा उघडल्याबरोबर वास दरवळला, बर्वे सरकून बसले. कुलकर्णी बाईंनी मात्र चमचाभर मागून घेतली, खाल्ली आणि पाणी प्यायल्या. म्हणाल्या, तिखट आहे हो, पण भारी आहे. क्लबाच्या शेडात माझा पाण्याचा गडू वेगळा असायचा. कुणी वेगळा ठेव म्हणालं नव्हतं, मी ठेवायचा आणि ते ठेवू द्यायचे. हितं बाईंनी त्याच भांड्यातून मला पाणी ओतलं. बरं वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, हे पाणी पण तिच्याच मानाचं मी पितोय.

निघताना बर्वे म्हणाले, आबा, उद्या सकाळी या. खाली घोड्यांवर आहे त्या पंखाच्या पोटाचं कापड कुजलंय, ते बदलायचंय. पंखाचं पोट खोलगट असतं, तिथं डिंक धरत नाही, टाकेच लागतात. पुस्तकातली गाठ आम्ही घालून बघितली, ती ढिली पडते. तुमची अजून हलत नाही. ती तेवढी आम्हाला शिकवा.

मी मान हलवली.

लोणावळा

लोणावळ्याबद्दल काय लिहू? रस्त्याला गाड्या, गाडीत माणसं, माणसांच्या हातात मक्याची कणसं. दर दुसऱ्या दुकानावर चिक्की, आणि प्रत्येक दुकान म्हणतं आमचंच जुनं. राजूनं पाच तऱ्हेची घेतली. माझ्या दातांना एकही चालत नाही. पिंकीला टायगर पॉइंटला जायचं होतं, अर्ध्या वाटेत गाड्यांची रांग लागली ती सुटेना. तासभर पुढच्या गाडीचा दिवा बघत बसलो. शेवटी राजूनं गाडी वळवली, वळवताना मागचा पत्रा दगडाला घासला. तो शिव्या देत उतरला, मी बसून राहिलो. दरी बघायला आलेली माणसं दरीपर्यंत पोचत नाहीत आणि तरी सांगतात, लोणावळ्याला जाऊन आलो.

खोलीच्या गॅलरीतून शेजारच्या हॉटेलाची भिंत दिसत होती. संध्याकाळी गारठा पडला. राजू आणि पिंकी खाली भजी आणायला गेले. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो, हात काखेत घालून. वैशाली आली. देहूरोडची पोरगी ती, बोलणं शहरातलं, आणि कमी. तिनं सत्काराची शाल माझ्या मांडीवर ठेवली.

"घ्या की पांघरून, आप्पा. तुमच्या मानाची आहे."

मी म्हटलं, थंडी न्हाई. ती तिथंच उभी राहिली. मग म्हणाली, उद्या काय शिकवणार त्यांना? मी म्हटलं, बघू. ती आत गेली. शाल तशीच मांडीवर राहिली, मी ती उघडली नाही. भजी आली, गरम होती, कांद्याची. सुजाता भज्यांना पीठ कमी लावायची, कांदा दिसायचा. ही नुसती पिठाची होती. दोन खाल्ली आणि पुरे म्हटलं.

राजू फोनवर कुणाला तरी सांगत होता, आमच्या वडिलांच्या नावाची पाटी आहे तिथं, कायमची.

तिची सेवा मी केली नाही. तेही लिहितो, एवढं लिहितोय तर. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिसला न्यावं लागायचं, ते वैशालीनं केलं. मी म्हणायचो, मला दवाखान्याचा वास सोसत न्हाई. डोपचा वास वर्षानुवर्षं सोसला होता मी.

रविवार, पुन्हा शेडात

सकाळी पोचलो तर बर्व्यांनी सगळं मांडून ठेवलं होतं. पंख आडवा नव्हता, धारेवर उभा केला होता, भिंतीसारखा, दोन्ही अंगाला माणूस उभा राहील एवढी जागा सोडून. बरोबर तसाच, जसा आम्ही करायचो. कुजलेल्या भागाला नवं कापड टाचून घेतलं होतं. पुढं माझ्यासाठी खुर्ची. खुर्चीजवळ टेबलावर मेण लावलेला दोरा आणि सुई. ती सुई साधी नसते. दाभणापेक्षा लांब, हातभर, सरळ. सात-आठ माणसं जमली होती. बाई वही घेऊन, राजू मोबाईल घेऊन.

"चला आबा," बर्वे म्हणाले, "सावकाश दाखवा. आम्ही सगळे विद्यार्थी."

मला वाटलं होतं, हात थरथरतो म्हणून सांगावं. डोळ्यांनी दिसत नाही म्हणावं. म्हाताऱ्या माणसाला काय, दहा कारणं असतात. तेच सांगायचं ठरवून मी रात्र काढली होती. पण पंख तसा उभा बघितला आणि पाय आपोआप चालायला लागले. मी खुर्ची सोडून पंखाला वळसा घातला आणि पलीकडं जाऊन उभा राहिलो.

लोक हसले. बर्वे म्हणाले, आबा, अहो इकडे, पुढच्या बाजूला. गाठ इकडून मारायची ना?

मी पलीकडंच. समोर पिवळं कापड, खाली सगळ्यांचे पाय दिसत होते. राजूचे बूट, बाईंच्या चपला. माझा उजवा हात छातीएवढ्या उंचीवर पुढं झाला होता, सुई येईल तिथं. चाळीस वर्षांनी बरोबर त्याच उंचीला. हे काम असंच असतं. एक जण पुढं बसतो, तो टाका घालतो, गाठ मारतो. सुई कापडातून, लाकडाच्या फासळीला घासून पलीकडं येते. पलीकडचा नुसता ती धरतो आणि बोटभर सोडून परत ढकलतो. त्याला अक्कल लागत नाही. गाठ त्याला दिसतही नाही.

सुई काही आली नाही. हसणं थांबलं. तोंड दिसत नव्हतं म्हणूनच असेल, मला बोलता आलं.

"बर्वेसाहेब," मी म्हटलं, "माझी जागा हीच हाये. पुढं माझी बायको बसायची. ती शिवायची. मी हितून सुई ढकलायचो."

 मी पुढं सांगितलं की नुसता हा पंख नाही, सगळंच तिनं शिवलं. कामाला घेताना सायबानं परीक्षेला दिलेला पहिला तुकडा पण तिनंच शिवलेला. मला गाठ येत न्हाई, कधीच येत नव्हती.

राजूचे बूट पंखाच्या खाली तसेच होते. मग म्हणाला, "आप्पा, बाहेर या."

पंखामागून बाहेर आलो. त्याचं तोंड बघवत नव्हतं. मोबाईल खाली गेला होता. म्हणाला, मी कंपनीत सगळ्यांना सांगितलंय. आईनं माझ्या शाळेच्या कपड्यांना ठिगळं लावली, मी तिला म्हणायचो, आप्पांकडून शिवून घे, ते विमानाचे टेलर आहेत. ती हसायची. ती का हसायची ते आज कळलं मला. एवढं बोलून तो शेडाबाहेर गेला. गाडीचं दार आपटलेलं ऐकू आलं.

वैशाली माझ्याशेजारी आली. तिनं आवाज चढवला नाही.

"आत्यांनी मला सांगितलं होतं. डायलिसिसच्या मशीनवर पडल्या पडल्या. म्हणाल्या, त्यांना काही बोलू नको. वाईट नाहीत ते, भित्रे आहेत."

मी म्हटलं, मग काल का न्हाई बोललीस?

"मी कशाला बोलू? मी बघत होते तुम्ही काय बोलता."

कुणी मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बायको मेली ती माझी लाज झाकून मेली, आणि सून ती लाज हातात घेऊन दोन वर्षं मला जेवायला वाढत होती.

बर्व्यांना यातलं काही नव्हतं. ते पंखाकडं बघत उभे होते. म्हणाले, म्हणजे ही गाठ आता कुणालाच येत नाही. मला त्यांचा राग आला, आणि मग बरंही वाटलं. त्या सगळ्या शेडात त्यांचंच नुकसान साधं सरळ होतं.

कुलकर्णी बाईंनी विचारलं, पाटीवर लिहायला त्यांचं पूर्ण नाव काय? मी म्हटलं सुजाता ओव्हाळ. त्या लिहायला लागल्या, सुजाता गेणू ओव्हाळ. मी म्हटलं, गेणू खोडा.

"अहो आबा, नाव तसंच लिहायची रीत असते."

"रीतीनंच माझं नाव तिच्या कामावर बसलं. आता तिच्या नावात तरी घुसवू नका."

त्यांनी खोडलं. सुजाता हे नावही आमच्याच घरचं, लग्नात माझ्या वडलांनी ठेवलेलं. माहेरी ती हौसा होती. ते मी सांगितलं नाही. तिला कुठलं आवडायचं ते मी विचारलंच नव्हतं कधी, मग कुठल्या तोंडानं सांगणार?

बर्वे म्हणाले, एकच मार्ग आहे. कापड कुजलं असलं तरी पंखाच्या शेवटच्या चार फासळ्यांवर जुने टाके शाबूत आहेत. ते एकेक करून उलटे सोडवायचे. प्रत्येक फासळीवर शेवटच्या गाठीपासून पहिलीकडं. दोरा कसा गेला ते उसवताना कळेल. पण मग ते राहणार नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाले, तुम्ही नको म्हणालात तर हात लावणार नाही, पुस्तकातलीच गाठ घालू, ढिली तर ढिली.

मी म्हटलं, मी उसवतो.

पुढच्या बाजूला, तिच्या जागी, खुर्चीवर बसलो. बाईंनी भिंग दिलं. वैशाली शेजारी स्टुलावर बसली, तिची नजर चांगली. ब्लेडनं डोपचा पापुद्रा खरवडला आणि पहिली गाठ दिसली. मुगाच्या दाण्याएवढी. इतकी वर्षं मी हिच्या मागं उभा होतो. गाठ सुटेना. सुईच्या टोकानं उकरली, मेण भुगा होऊन पडलं, मग दोरा हलला. वैशाली सांगत होती, वरून खाली, मग फासाच्या आतून, आणि इथं बघा, एक फेरा जास्त. बाई चित्र काढत होत्या. बर्वे म्हणाले, हा फेरा पुस्तकात नाही. एक टाका तुटला तरी शेजारचे जागचे हलू नयेत म्हणून घातलाय हा. कुणी शिकवलं असेल? मी म्हटलं, कुणी न्हाई. तिला भीती वाटायची, वर माणूस बसणार म्हणून.

एक गाठ सोडवायला मला पाव तास लागला. दुसरीला थोडा कमी, मग हात बसला. तिसऱ्या फासळीपर्यंत बाराचा सुमार झाला होता. राजू कधी आत आला ते कळलं नाही.  पंखावर आमचीच सावली पडत होती, त्यानं मोबाईलची बॅटरी लावून धरली. अजूनही तो माझ्याशी कामापुरतंच बोलतो. जेवलात का, गोळी घेतली का. तेवढंही चालेल.

बर्वे पट्टीनं दोन टाक्यांमधलं अंतर मोजून वहीत लिहीत होते. सगळीकडं चार बोटं, एका मापाचं, मशीनवर घातल्यासारखं. शेवटच्या फासळीला ते थांबले. पुन्हा मोजलं. म्हणाले, इथं अंतर वाढलंय. सहा बोटं, सात बोटं. गाठीत तो जास्तीचा फेराही नाही. इथं बहुतेक बाई दमल्या असतील.

"दमली नव्हती," मी म्हटलं. "शेवटची एष्टी निघायची वेळ व्हायची. मी पलीकडून आटप, आटप म्हणत होतो."

त्यांनी पेन बंद केलं. मग म्हणाले, आमचा नियम असा आहे आबा, जसं मूळचं होतं तसंच करायचं. माप बदलायचं नाही.

मी शेवटची गाठ सोडवली आणि दोरा त्यांच्या हातात दिला.

"एवढ्या फासळीला नियम मोडा," मी म्हटलं. "हितं सावकाश शिवा."